चोरून नको, चारचौघांत

एसटी स्टँडच्या भिंतीवर, वडापच्या थांब्यावरच्या पत्र्यावर, साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर एक जाहिरात वर्षानुवर्षं दिसते. ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा.’ खाली मोबाइल नंबर, पुडी घरपोच. पुडीत नेमकं काय आहे, हे पुडीवर लिहिलेलं नसतं. कधी नुसता झाडपाला, तर कधी डायसल्फिरामची कुटलेली गोळी. डायसल्फिराम हे खरं औषध आहे. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी १९४८ मध्ये त्याचा दारूवरचा उपयोग जगापुढे आणला आणि आजही डॉक्टर ते देतात. दारू पोटात गेली की यकृतात तिच्यापासून अ‍ॅसिटाल्डिहाइड हा विषारी पदार्थ तयार होतो आणि एरवी त्याचा झटपट निचराही होतो. डायसल्फिराम हा निचरा अडवतं. मग घोटभर दारूनेही तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, उलट्या लागतात, रक्तदाब घसरतो. म्हणूनच डॉक्टर आधी रुग्णाला समोर बसवून सगळं सांगतात, हृदय आणि यकृत तपासतात, त्याची संमती घेतात. ज्याच्या आमटीत ही भुकटी गुपचूप कालवलेली आहे, त्याला यातलं काहीच ठाऊक नसतं. तो संध्याकाळी नेहमीसारखा गुत्त्यावर जातो आणि ते त्याच्या जिवावर बेतू शकतं.

पुडी आणणारी बाई दुष्ट नसते. ती बायको असते, आई असते, कधी थोरली बहीण. नवऱ्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलं तर ती बातमी संध्याकाळपर्यंत भावकीत पोचेल, हे तिला पक्कं माहीत असतं. लेकीचं स्थळ आलेलं असतं. सोसायटीचं कर्ज मंजूर व्हायचं असतं. दवाखान्याच्या बाकावर शेजारच्या गल्लीतलं कुणी बसलेलं दिसलं तर काय सांगायचं, या एका प्रश्नापायी महिने जातात, वर्षं जातात. घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतं, गल्लीलाही ठाऊक असतं आणि तरी कुणी तोंडातून शब्द काढत नाही. व्यसन माणसाला पोखरतंच. पण त्याचा जीव जातो तो बहुतेक वेळा या लपवालपवीत, कारण मदत वेळेवर पोचत नाही.

केंद्र सरकारने दिल्लीच्या ‘एम्स’कडून करवून घेतलेली देशव्यापी पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार १० ते ७५ वयोगटातले सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यांतल्या ५.७ कोटी लोकांना मदतीची गरज आहे. मला सर्वांत जास्त टोचणारा आकडा मात्र पुढचा आहे. दारूच्या आहारी पूर्ण गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच कुठला ना कुठला उपचार मिळतो आणि रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेणारा १८० जणांत एक. बेकायदा अमली पदार्थांच्या बाबतीत हे प्रमाण २० जणांत एक. उरलेले सगळे घरात, शेतात, पुलाखाली किंवा भाड्याच्या खोलीत आपापलं निभावत असतात. गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशातल्या ६.८ टक्के आत्महत्यांचं कारण दारू आणि अमली पदार्थांचं व्यसन असं नोंदलेलं आहे. ज्या घरांनी ते कारण पोलिसांना सांगितलंच नसेल, ती घरं या आकड्यात नाहीत.

कोल्हापूरला हा विषय परका नाही. हा उसाचा जिल्हा. साखर कारखान्याची मळी, मळीपासून स्पिरिट आणि स्पिरिटपासून देशी दारू, ही साखळी इथे कुणाला समजावून सांगावी लागत नाही. चंदगड, आजरा, आंबोलीच्या वाटेने येणारी गोवा बनावटीची दारू पकडल्याची बातमी पेपरात सतत असते. पण गेल्या काही वर्षांत चित्र बदललं. नोव्हेंबर २०२१ मध्ये मुंबई पोलिसांच्या अमली पदार्थविरोधी पथकाने चंदगड तालुक्यातल्या ढोलगरवाडीत एका फार्महाउसवर छापा घातला आणि तिथे चक्क मेफेड्रॉन, म्हणजे पोरांच्या भाषेत ‘एमडी’, बनवण्याचा कारखाना निघाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या कारखान्याचा माग काढत सांगलीजवळचं कुपवाड गाठलं. पुढच्याच महिन्यात कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळीत कारखाना सापडला आणि जानेवारी २०२५ मध्ये विट्याजवळ कार्वे इथल्या औद्योगिक वसाहतीत. काजूच्या बागा, द्राक्षांचे मळे, बंद पडलेले शेड यांच्या आडोशाला हा धंदा येऊन बसला. एवढा माल बनतो तो सगळाच मुंबई-दिल्लीला जातो, असं समजून निर्धास्त राहणं आपल्याला परवडणार नाही.

त्यातच व्यायामाच्या नावाखाली आलेलं इंजेक्शन. मेफेंटरमाइन हे भूलतज्ज्ञांच्या टेबलावरचं औषध. मणक्यात भूल दिल्यावर रक्तदाब एकदम कोसळला तर तो सावरायला ते देतात. जिममधली काही पोरं तेच व्यायामाआधी टोचून घेतात, कारण तासभर दम लागल्यासारखं वाटत नाही. तालमीच्या लाल मातीच्या शहरात, जिथे शरीर कमावणं ही पिढ्यान्‌पिढ्यांची प्रतिष्ठा आहे, तिथे हे इंजेक्शन फार सहज खपतं. धडधाकट दिसणाऱ्या पोराला कुणी व्यसनी म्हणत नाही. त्याचा रक्तदाब भलता चढतो, हृदयाचे ठोके बिघडतात, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो आणि घरच्यांना वाटतं, पोरगं व्यायाम करता करता गेलं.

आता प्रत्यक्ष प्रसंगाकडे येतो, कारण जीव वाचतो किंवा जातो तो तिथल्या पंधरा-वीस मिनिटांत. चार पोरं खोलीत किंवा मळ्यातल्या शेडमध्ये बसलेली असतात. एकजण आडवा होतो. बाकीच्यांना आधी वाटतं, झोपला. मग घोरण्यासारखा घरघर आवाज येतो, ओठ निळसर पडतात, श्वास मोजता येण्याइतका तुटक होतो. त्या क्षणी कुणी तोंडावर पाणी मारतं, कुणी कानाखाली वाजवतं, कुणी लिंबू पिळायला धावतं, कुणी त्याला उभं करून चालवायला बघतं. फोन कुणीच करत नाही. पोलीस आले तर? घरी कळलं तर? शेवटी दोघे त्याला मोटारसायकलवर मधे बसवून दवाखान्याच्या फाटकाशी नेतात, पायरीवर ठेवतात आणि पसार होतात. काय घेतलंय, असं डॉक्टरने विचारायला समोर कुणी नसतं.

हे चित्र जगभर असंच आहे आणि ते बदलण्याचे प्रयत्नही जगभर झाले. अफूच्या जातीचे पदार्थ, म्हणजे हेरॉइन, ब्राउन शुगर, मॉर्फिन, ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या, हे जास्त झाले की मेंदू श्वास घ्यायचं विसरतो. यावर नॅलॉक्सोन नावाचा उतारा आहे. त्याचं पेटंट १९६१ मधलं, अमेरिकेत औषध म्हणून मान्यता १९७१ ची. पण पंचवीस वर्षं तो दवाखान्याच्या कपाटातच राहिला. १९९६ च्या सुमारास शिकागोतल्या एका संस्थेने तो थेट व्यसन करणाऱ्यांच्या आणि त्यांच्या सोबत्यांच्या हातात द्यायला सुरुवात केली, कारण श्वास थांबतो तेव्हा जवळ डॉक्टर नसतो, मित्र असतो. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही हीच शिफारस केली. आपल्या देशात मणिपूर-नागालँडमधल्या संस्थांनी हे काम फार आधीपासून अंगावर घेतलं. अमेरिकेत वर्षाला लाखाहून अधिक माणसं अतिसेवनाने मरू लागली, तेव्हा २०२३ मध्ये तिथे नॅलॉक्सोनचा नाकात मारायचा फवारा चिठ्ठीशिवाय मिळू लागला. आपल्याकडे हे औषध अजून डॉक्टरच्या चिठ्ठीवरच आहे.

मात्र या उताऱ्याची मर्यादा नीट समजून घ्यायला हवी. तो फक्त अफूच्या जातीच्या पदार्थांवर चालतो. एमडीवर नाही, मेफेंटरमाइनवर नाही, झोपेच्या गोळ्यांवर नाही, दारूवर नाही. एमडीने माणूस झोपत नाही, पेटतो: अंग तापतं, जबडा आवळतो, नाडी पळते, कधी झटके येतात. त्याला गार जागी ठेवायचं, घट्ट कपडे सैल करायचे, दटावायचं नाही, चौघांनी मिळून दाबून धरायचं नाही आणि दवाखान्यात न्यायचं. बेशुद्ध पडलेला कुणीही असो, श्वास चालू असेल तर त्याला कुशीवर वळवायचं, म्हणजे उलटी घशात अडकत नाही. उताणं झोपवून ‘उतरेल सकाळपर्यंत’ म्हणत दिवा मालवून जायचं नाही. नॅलॉक्सोन दिला तरी दवाखाना टळत नाही, कारण त्याचा असर तास-दीड तासात ओसरतो आणि पोटातली नशा त्याहून जास्त वेळ टिकते. रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करायचा आणि काय घेतलंय ते खरं सांगायचं. महाराष्ट्रात २०१४ पासून ही रुग्णवाहिका डॉक्टरसह येते.

दारूबद्दल एक गोष्ट ठासून सांगायला हवी, कारण इथे घरचे लोक चांगल्या हेतूने चूक करतात. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू एकाएकी बंद झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो, फिट येते, भिंतीवर किडे दिसू लागतात, कुणीतरी मारायला आलंय असं वाटतं. घरच्यांना वाटतं, अंगात आलं किंवा नाटक करतोय. ही जिवावरची अवस्था आहे. औषधांखाली, जीवनसत्त्व ब-१ देत, देखरेखीत ती बहुतेक वेळा सुखरूप पार पडते. आपल्याकडे पंढरीची माळ घालून दारू सोडण्याची मोठी परंपरा आहे आणि मला तिच्याबद्दल आदर आहे; चारचौघांत घेतलेला तो शब्द असतो आणि गाव त्याची राखण करतं. पण माळ घालायच्या आधी डॉक्टरकडे एक चक्कर मारली तर माळ मोडत नाही.

आणि दुसरी गोष्ट. व्यसनमुक्ती केंद्रातून किंवा तुरुंगातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत धोक्याचे. शरीराची सवय मोडलेली असते, पण हाताला जुन्याच मात्रेची आठवण असते. घसरला आणि त्याच मापाने घेतलं की संपलं. म्हणजे घरी परतलेल्या माणसाला जेव्हा सर्वांत जास्त सोबत लागते, नेमकं तेव्हाच आपण त्याच्याकडे संशयाने बघतो, कपाटाला कुलूप लावतो, गल्लीतली पोरं ‘आला बघ’ म्हणतात.

महाराष्ट्रात हे सगळं ज्यांनी फार आधी आणि सर्वांत मायेने ओळखलं, ते मुक्तांगण. १९८० च्या दशकात ब्राउन शुगरने पुण्या-मुंबईतली घरं उद्‌ध्वस्त होऊ लागली, तेव्हा अनिल अवचट यांनी या ‘गर्द’वर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. ते उभं केलं ते अवचटांच्या मानसोपचारतज्ज्ञ पत्नी डॉ. अनिता ऊर्फ सुनंदा अवचट यांनी. १९९७ मध्ये कर्करोगाने त्या गेल्या. २०२२ च्या जानेवारीत अनिल अवचटही गेले. काम त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर आणि सहकाऱ्यांनी चालू ठेवलं आहे.

मुक्तांगणचं मोठेपण मला त्याच्या आकारात दिसत नाही. ते दिसतं एका निर्णयात. तिथे समुपदेशन करणारे अनेकजण स्वतः कधीकाळी त्याच खाटेवर होते. काल उलट्या करणारा, घरातले दागिने विकलेला, पोलिसांचा मार खाल्लेला माणूस उद्या खुर्चीत बसून नव्याने आलेल्याला ‘बस, चहा घे’ म्हणू शकतो, यावर संस्थेने विश्वास टाकला. व्यसनी माणसाला खोटं फार छान बोलता येतं. समोरचाही त्याच शाळेतला असला की तिथे ते चालत नाही आणि चाललं नाही याचा अपमानही वाटत नाही. दुसरं, त्यांनी बायकांकडे पाहिलं. ‘सहचरी’ गटात रुग्णांच्या पत्नी एकत्र बसतात. नवरा पितो हा आपला दोष नाही, हे कळायला कित्येकींना अर्धं आयुष्य लागलेलं असतं. स्त्रियांच्या स्वतःच्या व्यसनासाठीही तिथे ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग आहे. पुरुषाच्या व्यसनाला गाव हसतं, बाईच्या व्यसनाबद्दल तर घर बोलतही नाही.

कोल्हापूरची कितीतरी घरं रात्रीच्या गाडीने पुणं गाठतात. उपचार चांगले हे एक कारण. तिथे ओळखीचं कुणी भेटत नाही, हे दुसरं. वाटेत साताऱ्याला डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेलं ‘परिवर्तन’ हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. दाभोलकर स्वतः नावाजलेले कबड्डीपटू होते, त्यामुळे तरुणांशी व्यसनाबद्दल बोलताना ते मैदानाच्या भाषेत बोलू शकत. ३१ डिसेंबरला चौकात दूधवाटप करण्याची पद्धत त्यांच्याच चळवळीने रुजवली. इथे कोल्हापुरात घरचं सीपीआर रुग्णालय आहे, त्यात मानसोपचार विभाग आहे. तरी पाय पुण्याकडे वळतात.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची बैठक ज्यांनी पाहिली नाही, त्यांनी एकदा खुली बैठक जरूर पाहावी. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात दोन दारुड्यांनी एकमेकांना आधार दिला, तिथून हे सुरू झालं. आपल्याकडे ती शाळेच्या एखाद्या रिकाम्या वर्गात भरते. लहान मुलांची बुटकी बाकडी, त्यावर गुडघे दुमडून बसलेली मोठी माणसं. भिंतीवर बारा पायऱ्यांचा मराठी तक्ता. किटलीतला चहा. एकेकजण उभा राहतो, फक्त पहिलं नाव सांगतो आणि मी दारुडा आहे, असं म्हणतो. गवंडी, प्राध्यापक, कारखान्याचा चिटबॉय, निवृत्त फौजदार, सगळे त्याच एका वाक्याने सुरुवात करतात. कुणी सल्ला देत नाही, कुणी मधे बोलत नाही. पाच वर्षं न प्यायलेला माणूस गेल्या आठवड्यात घसरला असेल तर तो तसं सांगतो आणि परत पहिल्या दिवसापासून मोजायला लागतो. टाळ्या त्यालाही मिळतात. आयुष्यभराची शपथ तिथे कुणी घालत नाही. आज नाही प्यायची, एवढंच. फी नाही, नोंदवही नाही, टोपी फिरते त्यात ज्याला जमेल त्याने दहा-वीस रुपये टाकायचे. त्या खोलीत मला दिसतं ते हे, की लाज कशी उतरते याची रीत ठाऊक असलेली ही मोजक्या जागांपैकी एक जागा आहे.

दारूबंदीबद्दल थोडंच लिहितो. ‘आडवी बाटली’साठी, म्हणजे गावातलं दारूचं दुकान बंद करायला, मतदानाला उतरलेल्या बायकांचं धैर्य मी कमी लेखत नाही. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे आणि २०१६ पासून तिथे ‘मुक्तिपथ’ या मोहिमेने गावोगावी उपचाराचीही जोड दिली आहे. ही जोडच महत्त्वाची. दुकान बंद झालं त्या रात्री गावातल्या पिणाऱ्यांचं काय झालं, हा प्रश्न बंदीच्या सभेत विचारला जात नाही. चोरट्या हातभट्टीचं मोल किती, ते मुंबईतल्या मालवणीने २०१५ मध्ये दाखवलं. मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभराहून अधिक माणसं गेली.

लाज कशी मोडायची, हे खरं तर कोल्हापूरला कुणी शिकवायला नको. अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळे यांनी हौदाला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली, तेव्हा राजर्षी शाहूंनी त्यांना भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचं हॉटेल काढायला मदत केली. गिऱ्हाईक येईना. मग महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा मागवून पिऊ लागले, भर रस्त्यात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले. जातीचा अन्याय आणि व्यसनाची बदनामी यांची बरोबरी होत नाही. जन्माने लादलेलं ते आणि हे, यांत मोठं अंतर आहे. पण ज्याच्या हातचं पाणी लोक टाळतात, त्याच्या हातचा चहा प्रतिष्ठित माणसाने उघड्यावर प्यायचा, ही कृती तीच लागते. अलीकडे, मे २०२२ मध्ये, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने तो इतरांपुढे ठेवला. कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, असं गावाने ठरवून सांगितलं. दारूने नवरा गेलेल्या बायकांनाही त्या ठरावाने मान मिळाला. मग दारू सोडून परत आलेल्या माणसासाठी ग्रामसभेत दोन ओळी का नसाव्यात?

आपल्याकडे त्यासाठी लागणारी यंत्रणा तयार आहे. पेठापेठांतल्या तालमी. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावं गणेशोत्सवात जितकी गाजतात, तितकीच शाहू स्टेडियमवर फुटबॉलच्या मोसमात. २०१९ च्या महापुरात याच तालमी-मंडळांची पोरं, व्हाईट आर्मी या बचाव पथकाचे कार्यकर्ते आणि कोळी बांधव होड्या घेऊन पाण्यात उतरले. बुडणारा कोण, त्याची चूक किती, हे कुणी विचारलं नाही. तालमीचा वस्ताद पोराच्या डोळ्यांत बघून ओळखतो की हा रात्री कुठे होता. त्याच्याइतकी लवकर खबर ना आईबापांना लागते ना पोलिसांना. आज वस्ताद अशा पोराला तालमीतून काढून टाकतो, कारण तालमीचं नाव खराब होईल. काढलेलं पोरगं जातं कुठे, तर नेमकं त्याच खोलीत. त्याला मातीत ठेवून दवाखान्यात पाठवायचं असं वस्तादांनी ठरवलं, तर या शहरात ते कुठल्याही सरकारी मोहिमेपेक्षा जास्त चालेल. मंडळाच्या वर्गणीतून एका रविवारी डॉक्टर बोलावून कुशीवर वळवणं, छाती दाबणं, श्वास देणं, झटके आल्यावर काय करायचं, एवढं वीस पोरांना शिकवता येतं. जिमवाल्यांनाही त्याच वर्गात बसवावं. औषध दुकानदारांच्या संघटनेनेही तिथे यावं, कारण चिठ्ठीशिवाय इंजेक्शन कोण देतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

पोलिसांच्या भीतीबद्दल शेवटी. अमली पदार्थविरोधी कायदा १९८५ चा. त्यातल्या कलम ६४-अ नुसार, स्वतःच्या सेवनासाठी थोडी मात्रा बाळगल्याचा किंवा सेवनाचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेणार असेल आणि ते पूर्ण करणार असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्था आजारात धरल्या आहेत, म्हणजे उपचार मागणं हा हक्क आहे. मित्राला फाटकाशी टाकून पळणाऱ्या पोरांना यातलं काहीच माहीत नसतं. पोलीस ठाण्यातल्या फौजदाराने कॉलेजात जाऊन हे स्वतःच्या तोंडाने सांगावं; पोस्टरवरच्या कवटीपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल. सीपीआरच्या अपघात विभागात काय घेतलंय ते खरं सांगणाऱ्या पोराला डॉक्टरने आधी तपासावं, उपदेश नंतर. व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय मदतवाहिनी १४४४६ आहे, मनाच्या कुठल्याही त्रासासाठी टेलिमानस १४४१६, जीव धोक्यात असेल तर १०८. हे तीन नंबर तालमीच्या फळ्यावर, जिमच्या आरशाशेजारी आणि एसटी स्टँडवर ती पुड्यांची जाहिरात जिथे चिकटवतात तिथे, ठळक अक्षरांत रंगवून घ्यावेत. पुढच्या गणेशोत्सवाची वर्गणी गोळा व्हायला लागेल तेव्हा त्यातला रंगाचा खर्च पहिल्या दिवशी बाजूला काढावा.